उगमाची गोष्ट आणि उगमाचा पुरावा

बदलापूर या नावाची एक गोष्ट आमच्या भागात लहानथोरांना ठाऊक आहे. शिवकाळात सैन्य सुरतेच्या वाटेने जाताना येथे मुक्काम करी, दमलेले घोडे सोडून ताजे घोडे घेई, आणि घोडे ‘बदलण्याचे’ ठिकाण म्हणून गाव ‘बदलापूर’ झाले. कात्रपच्या कोणत्याही गृहसंकुलात विचारा, हीच गोष्ट ऐकू येईल. रिक्षावाले सांगतात, शाळेतील मुले निबंधात लिहितात, नव्याने घर घेणाऱ्यांना दलालही सांगतात.

गोष्ट सुंदर आहे. पण भाषेचा अभ्यास करणाऱ्याने तिला दोन-चार प्रश्न विचारायला हवेत. रहिमतपूर, इस्लामपूर, अहमदपूर या नावांत पहिला शब्द अरबी आहे आणि तो ‘पूर’ला सरळ जोडला गेला आहे. त्या न्यायाने ‘बदल’ला ‘पूर’ जोडले तर ‘बदलपूर’ व्हावे. मधला ‘आ’ कोठून आला? तो ‘बदला’ या शब्दाचा म्हणावा, तर मराठीत बदला घेतात तो वैऱ्याचा, घोड्यांचा नव्हे. शिवाय उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यातही एक बदलापूर आहे, आणि सुरतेची वाट त्या बाजूने जात नाही. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला केवळ नाव ऐकून ती रचता येईल का? सहज येईल. जी गोष्ट शब्दाच्या पोटातून आपोआप निघते, ती शब्दाच्या जन्माची साक्ष म्हणून फारशी कामाची नसते. ती बहुधा शब्दानंतर जन्मलेली असते.

गावांच्या नावांविषयी जे खरे, तेच वाक्प्रचारांविषयी आणि म्हणींविषयी. तुमच्या अभ्यासक्रमात ‘वाक्प्रचार व म्हणी: अर्थ आणि उगम’ असा घटक आहे. अर्थ शिकवणे सोपे असते. उगम शिकवताना मात्र बाजारातील मार्गदर्शिकांशी गाठ पडते. त्यांत प्रत्येक वाक्प्रचारामागे एक राजा, एक धूर्त मंत्री किंवा एक मूर्ख जावई उभा केलेला असतो. विद्यार्थी ती गोष्ट पाठ करतात आणि गुण मिळवतात. मी रविवारच्या संपर्क सत्रांत हा घटक अनेक वर्षे शिकवते आहे. समोर बसणाऱ्यांत पाळी संपवून आलेला रेल्वे कर्मचारी असतो, अंबरनाथच्या कारखान्यात काम करणारी महिला असते, नातवंडे सांभाळून पदवी घेऊ पाहणाऱ्या आजी असतात. मार्गदर्शिकेपेक्षा यांच्याकडे सामग्री अधिक आहे असे मला वाटत आले आहे, आणि या निबंधात त्यातील काही तुमच्यापुढे ठेवायची आहे.

घोड्यांचा विषय निघालाच आहे, तर त्यापासून आरंभ करू. कात्रपमध्ये आज घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत. पण आपल्या बोलण्यात मात्र पागाच्या पागा भरलेल्या आहेत. कुणी ‘मांड’ पक्की करतो, कुणी खर्चाला ‘लगाम’ घालतो, कुणाला ‘घोडामैदान’ जवळ दिसते, आणि अडचणीच्या जागी आपले ‘घोडे पेंड खाते’. एखाद्या समितीत निरुपयोगी माणसे घेतली की आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो. खोगीर फुगीर व्हावे म्हणून त्यात चिंध्या, गवत, काथ्या, हाताला लागेल ते कोंबत. आत काय आहे ते बाहेरून दिसत नसे, आणि दिसण्याची गरजही नसे. समितीचे वर्णन याहून नेमके कसे करावे?

‘गाशा गुंडाळणे’ हा त्याच कुळातील वाक्प्रचार. वर्गात अर्थ विचारला तर सर्वांना येतो. गाशा म्हणजे काय असे विचारले की वर्ग शांत होतो. एकाने ‘अंथरूण असेल’ असा तर्क केला होता. गाशा हा अरबी-फारसीतून आलेला शब्द आहे. खोगिरावर घालण्याचे जे आच्छादन, तो गाशा. मुक्काम हलवायचा झाला की स्वार तो गुंडाळून मार्गस्थ होई. येथे राजा नाही, मंत्री नाही, कोणतीही चमत्कारिक घटना नाही. एक वस्तू आहे आणि तिच्याशी रोज केली जाणारी एक क्रिया आहे. बहुसंख्य वाक्प्रचारांचा उगम असाच साधा असतो. वस्तू वापरातून गेली की शब्द उघडा पडतो, आणि मग त्याला झाकायला आपण गोष्ट शोधू लागतो.

वस्तू आणि क्रियापद यांची जोडी जुळते का, ही कसोटी मी फार विश्वासाची मानते. तिचे एक उदाहरण वर्गातच घडले. वर्तमानपत्रात नेहमी वाचतो, ‘विरोधकांची मोट बांधण्याचे प्रयत्न सुरू’. एका मार्गदर्शिकेत याचा उगम विहिरीच्या मोटेत दाखवला होता: जशी मोट पाणी एकत्र करून वर आणते, तसे नेता माणसांना एकत्र आणतो. वाचून बरे वाटते. मागच्या बाकावर साठीकडे झुकलेले एक विद्यार्थी बसले होते. मूळचे सांगली जिल्ह्यातील, बालपण शेतावर गेलेले. ते उठून म्हणाले, “मॅडम, मोट हाकतात. मोट धरतात. मोटेला बैल जुंपतात. मोट बांधली असं आमच्याकडं कुणी म्हणत न्हाई.” मी त्यांना म्हटले, “काका, तुम्ही कोशाचे काम केलेत.” कारण मराठीत मोट हे दोन वेगळे शब्द आहेत. एक चामड्याची, पाण्याची. दुसरी म्हणजे गाठोडे, बोचके, ज्याचे लहान रूप मोटली. बांधायची असते ती ही दुसरी. आणि याला भक्कम आधार आपल्याच भाषेत आहे: ‘आवळ्याची मोट’. आवळे गोल आणि गुळगुळीत. त्यांचे गाठोडे बांधावे तर एक इकडून निसटतो, दुसरा तिकडून. परस्परांशी न जुळणाऱ्या माणसांच्या जमावाला आवळ्याची मोट म्हणतात. पाण्याच्या मोटेत आवळे भरायला कोण जाईल? काकांच्या कानाला खटकलेले एक क्रियापद मार्गदर्शिकेच्या दोन परिच्छेदांपेक्षा वजनदार ठरले.

‘वाटाण्याच्या अक्षता लावणे’ हाही असाच. तांदळाच्या अक्षता ओल्या कुंकवावर चिकटतात, वाटाणा चिकटत नाही, घरंगळतो. ज्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या त्याच्या कपाळी काही राहत नाही. हे सांगायला कोश लागत नाही, देवघर पुरते.

काही वाक्प्रचारांमागे मात्र खरोखरच इतिहासातील घटना असतात, हे विसरता कामा नये. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या नसत्या, तर ‘अटकेपार झेंडा’ लागला नसता. १४ जानेवारी १७६१ चा दारुण पराभव झाला नसता, तर परीक्षेत कुणाचे ‘पानिपत’ झाले नसते. स्थळाचे नावच वाक्प्रचारात असल्याने येथे संशयाला जागा उरत नाही. पण याच पानिपताला आणखी एक वाक्प्रचार चिकटवला जातो. ‘संक्रांत कोसळणे’ म्हणजे संकट येणे, आणि त्याचे कारण असे सांगतात की पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली. दर जानेवारीत हा मजकूर भ्रमणध्वनीवर फिरतो आणि दर वर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी तो मला पाठवतो.

तारीख चौदा जानेवारी, म्हणून संक्रांत. तर्क सरळ दिसतो, पण त्यात एक गृहीत लपलेले आहे: संक्रांत नेहमीच चौदा जानेवारीला येत होती. तसे नाही. आपल्या पंचांगातील सौरवर्ष आणि इंग्रजी दिनदर्शिकेतील वर्ष यांत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे. तो साचत जातो आणि साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख आपणा सर्वांना माहीत आहे: १२ जानेवारी १८६३. म्हणजे त्या वर्षी संक्रांत बारा तारखेला होती. त्याच्या शंभर वर्षे मागे जा. १७६१ साली ती लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, एवढेच खरे. मग संक्रांत अशुभ का? पंचांग उघडून पाहा. त्यात संक्रांत ही देवता आहे. तिचे वाहन, वस्त्र, शस्त्र दिलेले असते; ती कोणत्या दिशेकडून आली आणि कोणत्या दिशेकडे पाहते, हेही दिलेले असते. तिची दृष्टी जिकडे वळेल तिकडे पीडा, अशी समजूत. वाक्प्रचाराला एवढी समजूत पुरेशी आहे; त्यासाठी पानिपताला दुसऱ्यांदा हरवण्याचे कारण नाही.

असे चुकीचे उगम सांगितल्याने बिघडते काय, असा प्रश्न एका सत्रात आला होता. वाजवी प्रश्न आहे. पुष्कळदा काहीच बिघडत नाही. घोडे बदलल्याच्या गोष्टीने कुणाचे नुकसान झालेले नाही. पण सगळेच उगम इतके निरुपद्रवी नसतात.

‘ध चा मा करणे’ घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. ते अठरा वर्षांचे होते. परंपरा अशी की, चुलते रघुनाथराव यांनी गारद्यांना दिलेल्या पत्रात ‘नारायणरावांस धरावे’ असे होते आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी ‘ध’ काढून ‘मा’ लिहिला. ग्रँट डफ यांच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीगत आढळते. पण बदल आनंदीबाईंनीच केला, या आरोपाचा मुख्य आधार लोकांतील समजूत हाच राहिला आहे. नंतरच्या इतिहासकारांनी याकडे सावधपणे पाहिले आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोषी धरले ते रघुनाथरावांना.

आता भाषेच्या अंगाने पाहा. ‘धरावे’ आणि ‘मारावे’ यांत केवळ आरंभीच्या अक्षराचा भेद आहे. अशी सोयीस्कर जोडी ही कोट्या करणाऱ्यांची आवडती सामग्री. ज्या समाजाला अक्षरखेळ आवडतो, त्याला या दोन शब्दांतून गोष्ट घडवायला वेळ लागत नाही. म्हणजे बदलापूरला लावलेली कसोटी येथेही लागते. एवढ्यावरून गोष्ट खोटी ठरत नाही. पण तिच्या बळावर एखाद्या व्यक्तीला दोषी ठरवावे इतकी ती बळकटही राहत नाही. आणि मराठी भाषेने नेमके तेच केले आहे. न्यायाधीशाने ज्याला दोषी धरले तो पुरुष वाक्प्रचारात नाही. ज्या बाईंवर समजुतीने ठपका आला, त्यांचा अपराध मात्र आपण शाळेत पाचवी-सहावीपासून अर्थासह पाठ करतो. हा भाग शिकवत असताना पहिल्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने, त्या स्वतः न्यायालयात लिपिक होत्या, विचारले, “मॅडम, यावर अपील कुठे करायचं?” सगळे हसले. प्रश्न हसण्याचा नव्हता, आणि विचारणाऱ्या ताई हसतही नव्हत्या.

इंग्रजीतही याचे जुळे भावंड आहे, पण उलट तोंडाचे. ‘रूल ऑफ थंब’ म्हणजे ढोबळ अंदाजाचा नियम, आपला ठोकताळा. पुष्कळ लोक सांगतात की अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने पत्नीला मारण्याची मुभा इंग्लंडच्या कायद्यात होती, त्यावरून हा शब्दप्रयोग आला. असा कायदा सापडत नाही. १७८२ साली बुलर नावाच्या न्यायाधीशाने असे काही म्हटल्याची बोलवा उठली आणि गिलरे या व्यंगचित्रकाराने त्यावर चित्र काढले, हे खरे. पण शब्दप्रयोग त्याआधी सुमारे शंभर वर्षे इंग्रजीत वापरात होता, आणि तोही ढोबळ अंदाजाने काम करण्याच्या अर्थाने. मुलगा बापाच्या आधी जन्मत नाही, तसा वाक्प्रचार आपल्या उगमाच्या आधी छापला जात नाही. कालक्रम ही कसोटी कोरडी वाटते, पण ती निर्णायक असते. मराठीत ती लावायची तर मोल्सवर्थ यांचा कोश (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७), मॅनवेरिंग यांचा म्हणींचा संग्रह (१८९९) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ ही साधने हाताशी असावीत. एखादा वाक्प्रचार १८५७ च्या आवृत्तीत सापडला, तर त्याचा उगम विसाव्या शतकातील घटनेत सांगणाऱ्याला पुढे ऐकण्याची गरज नाही.

आतापर्यंत रचलेल्या गोष्टींविषयी बोलले. पण याच्या उलटही घडते. उगम खरा, भरभक्कम, आणि तो आपण विसरून गेलेलो. मला याचे अधिक वाईट वाटते.

‘वेठीस धरणे’. लोकल गाड्या खोळंबल्या की दुसऱ्या दिवशी मथळा येतो, ‘प्रवासी वेठीस’. संप झाला की रुग्ण वेठीस, परीक्षा लांबली की विद्यार्थी वेठीस. अर्थ झाला आहे ‘अडवणूक करणे’. वेठ म्हणजे काय? मोबदला न देता बळाने करून घेतलेले काम. संस्कृतातील ‘विष्टि’, प्राकृतात ‘विट्ठि’, मराठीत ‘वेठ’. पाचव्या शतकातील वाकाटकांच्या ताम्रपटांत गाव दान देताना त्याला सर्व प्रकारच्या विष्टीपासून मुक्त केल्याचा उल्लेख येतो. सूट लिहून द्यावी लागे, याचा अर्थ एरवी वेठ सर्वत्र होती. आणि ही गोष्ट केवळ ताम्रपटातील नाही. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात, वारली बांधवांनी १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याचा वृत्तान्त लिहिला आहे. तो तुम्ही मिळवून वाचावा.

हे मी फळ्यावर लिहीत असताना एक विद्यार्थी शेवटपर्यंत काही बोलला नाही. ठाकूर समाजातील, वय तिशीच्या आतबाहेर, नगरपालिकेच्या शाळेत शिपाई. सत्र संपल्यावर थांबला. म्हणाला, “मॅडम, माझ्या आजोबांना पाटलाच्या शेतावर धरून न्यायचे. ‘आज वेठीला नेलं’ असंच आजी सांगायची. मला वाटायचं, तो आमच्याच बोलीतला शब्द. पुस्तकात असतो हे माहीत नव्हतं.” मी त्याला हे वाक्य जसेच्या तसे, आजीच्या शब्दांत, वहीत लिहायला सांगितले. त्याने विचारले, “प्रमाण भाषेत करून लिहू का?” मी नको म्हटले. ‘वेठीला नेलं’ यात ‘नेणे’ आहे, वर्तमानपत्रात ‘धरणे’ आहे. माणूस आधी धरला जातो आणि मग नेला जातो. दोन्ही मिळून ती क्रिया पुरी होते. मथळ्यात उरलेला अर्धा भाग आजीच्या वाक्यात शाबूत होता. असा पुरावा कोणत्याही ग्रंथालयात मिळत नाही, आणि ती आजी आता हयात नाही.

बोलीतील शब्द सांगताना आवाज खाली आणण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना असते. आगरी, ठाकरी, माणदेशी, वऱ्हाडी, काहीही असो. हा घटक शिकताना तरी ती बाजूला ठेवावी. मोटेवरचे काका आणि वेठीची आजी यांच्यापुढे माझी पदवी मला उपयोगी पडली ती एवढ्याचसाठी, की त्यांनी दिलेल्या वस्तूचे मोल मला ओळखता आले.

नवे वाक्प्रचार आपल्या डोळ्यांदेखत घडत असतात, त्याकडेही थोडे वळू. ‘हिरवा कंदील दाखवणे’ हा इंग्रजीतील ‘ग्रीन लाइट’चा अनुवाद म्हणून सांगितला जातो. कल्पना तिकडची असेल, पण मराठीचे क्रियापद पाहा. इंग्रजीत हिरवा प्रकाश ‘देतात’. आपण कंदील ‘दाखवतो’. खांबावरचा दिवा कुणी दाखवत नाही, तो नुसता लागतो. दाखवत असे तो गाडीच्या शेवटच्या डब्यातील गार्ड, हातातला कंदील हलवून. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढल्या वर्षी रूळ कल्याणला आले आणि तेथून आपल्या गावांवरून घाटाकडे गेले. फलाटावर उभ्या असलेल्या मराठी माणसाने जे पाहिले तेच वाक्प्रचारात ठेवले. एक गंमत सांगते. ब्रिटनमधील सुरुवातीच्या रेल्वेत मार्ग मोकळा असल्याची खूण पांढरा दिवा ही होती आणि हिरवा म्हणजे जपून चला. तोच काळ टिकला असता तर आज मंत्रिमंडळाने प्रकल्पाला पांढरा कंदील दाखवला असता.

लोकलने जो जिना चढ-उतार करतो, त्याच्या तोंडी आज आणखी एक शब्द आहे: ‘चौथी सीट’. तिघांच्या बाकावर तिघे सरकून बसतात आणि चौथा कडेला टेकतो. एक पाय बाकाखाली, दुसरा वाटेत, अर्धे अंग हवेत. मागील सत्रात एक विद्यार्थिनी आपल्या सासरविषयी बोलताना म्हणाल्या, “पंधरा वर्षं झाली मॅडम, अजून चौथ्या सीटवरच आहे.” वर्गातील कल्याणपलीकडच्या प्रत्येकाला ते कळले. मी तारीख घालून वहीत नोंद केली: कोण म्हणाले, कोणत्या प्रसंगी, शब्द नेमके काय होते. अंबरनाथहून उलट दिशेने बदलापूरला येऊन जागा पकडण्याला ‘डाउन करून येणे’ म्हणतात. त्याचा लाक्षणिक वापर मी अद्याप ऐकलेला नाही. तुमच्यापैकी कुणी ऐकला असेल तर बोलणाऱ्याच्या शब्दांत, सुधारणा न करता, लिहून केंद्रावर आणून द्यावा.